पदर घ्याले गेलेला हात

अकोल्याच्या दवाखान्यात त्या दिवशी डाक्तरच्या खोलीत चौघं होतो. डाक्तर साहेब, मी सुमन, माहा पोरगा गजानन अन् सून रेखा.

डाक्तरनं एमआरआयचा फोटो उजेडापुढं धरला. "मावशी, उजव्या खांद्याचं टेंडन हाडापासून सुटलंय. आपोआप जुळणार नाही."

टेंडन म्हनजे मांस हाडाले बांधून ठेवते थे चिवट दोरी. मी बसल्या जागी गार पडली. तेल्हाऱ्याजवळच्या वावरात वांग्याची टोपली डोक्यावर घेताना खांद्यात कटकन वाजलं होतं. मले वाटलं, लचक हाये. दोन महिने तेलच चोळत राहिली. हात काही वर जायेना.

"टेंडन फार झिजलंय. नुसतं शिवलं तर पुन्हा तुटेल. वरून बायोपॉलिमरचा पॅच लावू."

"परकं ठिगळ आंगात ठेवसान काय?"

"ठिगळ नाही, कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी आहे. तिच्या आधारानं तुमचंच टेंडन वाढेल, मग जाळी विरून जाईल. पण सहा आठवडे हात उचलायचा नाही."

रेखा म्हने, "आत्याबाई, दोडक्याच्या वेलाले मांडव घालतो तसंच हाये थे."

ऑपरेशन झालं. हात गळ्यातल्या पट्ट्यात बांधला. नवव्या दिवशी घरी रेखानं आंग पुसाले पट्टा सोडला, लुगडं नीट करून देल्लं अन् पानी फेकाले मांगं गेली. तेवढ्यात भासरे दारात. मालकाचे मोठे भाऊ. त्याईच्यापुढं डोकं उघडं ठेवाची आमच्यात रीत नाई. लग्न झाल्यापासून कधी ठेवलं नाई. पट्टा नाई हे ध्यानातच नाई आलं. हात झटक्यानं पदराकडं गेला.

आतून काहीतरी उसवलं. डोळ्यापुढं अंधारी आली.

भासरे दारातूनच वरडले. "मी काय कलेक्टर लागून गेलो व? कावून उचलला हात? गजा, गाडी काढ!"

आजपावतो त्याईनं माह्याकडं तोंड करून येक शब्द बोलला नव्हता.

अकोल्याले सोनोग्राफी केली. डाक्तरनं खांद्यावर यंत्र फिरवून पडद्यावर पाह्यलं. मले वाटलं, गेला हात. मंग म्हनले, "एक टाका सुटलाय. पॅच टिकून आहे. पण आता हात पुन्हा पहिल्यापासून सहा आठवडे बांधायचा. कशासाठी उचललात?"

"पदरासाठी," मी म्हनलं. डाक्तरनं सोताच्या हातानं पट्टा आवळून बांधला.

आता वर्स झालं. हात कानापर्यंत जाते. माही वेनी मीच घालतो. टोपली मात्र डोक्यावर नाई चढत, थे काम रेखा करते. जेवढा हात भेटला, तेवढ्यात चालवतो. डाक्तरचे उपकार हायेत.

वाचनाऱ्याइले येकच मांगनं हाये. असं ऑपरेशन झालेल्या बाईले भेटाले जासान त दाराबाहेरूनच आवाज द्या. "पदर राहू दे, हात खाली ठेव," असं आधी म्हना, मंग आत जा. घरातल्या मोठ्या मानसानं म्हनल्याबिगर आमचा हात थांबत नाई.