तीन नंबरच्या खोलीतला आवाज

अंबादास खिल्लारे नाहूरला राहतो आणि वर्षाचे बाराही महिने पिशवीत स्वेटर घेऊन कामावर जातो. मुलुंडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो फिटर आहे. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात, तेव्हा तो उणे वीस अंशांत उभा असतो. गोठवलेले वाटाणे, कोळंबी, आइस्क्रीम ठेवायच्या खोल्या, त्यांचे दरवाजे, रॅक आणि पंखे त्याच्याकडे. इतक्या वर्षांत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला बधिर झाली आहेत. गरम चहाचा कप बायको, माधुरी, त्याच्या डाव्या हातात देते.

हे काम त्याला शिवदास तावडेंनी शिकवलं. तावडे मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः भांडुपला राहायचे. थंड खोलीची भिंत इतकी जाड, की आतला माणूस ओरडून मेला तरी बाहेर कुजबुज येत नाही. तावडेंनी त्यावर एक उपाय काढला होता. ड्रिल दाराच्या पत्र्याला टेकवायचा आणि खटका दाबायचा: दोनदा तुटक, एकदा लांब. अख्खं दार घुमायचं. बाहेरच्याने समजायचं, उघड.

"बोंबलून उपयोग नाय रे अंबादास," ते म्हणायचे. "मशीन बोलूक व्हया."

तावडे गेले त्याला आता दोन वर्षं झाली. घरीच, झोपेत गेले. नंतर बराच काळ ती खूण वापरायची वेळ कुणावर आली नाही आणि अंबादासनेही ती नव्या लोकांना कधी सांगितली नाही.

यंदाच्या जानेवारीत मुंबईला खरी थंडी पडली. योगी हिल्सकडून वारा यायचा, गेटवरचे वॉचमन शेकोटी करून बसायचे. अशाच एका सकाळी फोर्कलिफ्ट चालवणारा सिद्धेश अंबादासला शोधत आला. चेहरा पांढरा पडलेला.

"दादा, तीन नंबरमध्ये कोण आहे?"

"कोणी नाही. कुलूप आहे ना."

"मग ड्रिल कोण मारतंय?"

दोघं दाराशी गेले. दार घुमत होतं. थोडं, थांबून, परत थोडं. अंबादासने कुलूप काढून दार ओढलं. आतून धुकं त्याच्या पायांवर उतरलं. खोलीत माणूस नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून रॅकवर आदल्या दिवशी राहिलेला ड्रिल पडला होता. त्याच्यावर हिमाचा पांढरा थर होता आणि त्याचं तोंड हळूहळू फिरत होतं. त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. बघता बघता ते थांबलं. मग पुन्हा फिरलं.

"तावडेकाका," सिद्धेश पुटपुटला आणि मागच्या मागे गेला. तावडे असताना त्याने ती जुनी खूण दोन-चारदा ऐकलेली होती.

अंबादासने पुढे होऊन बॅटरी उपसली.

संध्याकाळी तो ड्रिल घेऊन मुलुंड स्टेशनजवळ बाळ मेस्त्रींच्या दुकानात गेला. मेस्त्री मशिनी दुरुस्त करतात. त्यांनी स्क्रू काढून ड्रिलचा खोका उघडला, दिव्याखाली धरला.

"हे बघ, स्विचमध्ये पाणी."

"आत पाणी कुठून येणार? तिथे सगळं गोठलेलंच असतं."

"तू आणतोस. गार मशीन बाहेर काढलंस की इथली दमट हवा त्याला चिकटते. थंडगार बाटलीला घाम येतो तसा मशीनलाही येतो, पण आतून. तेच ओलं मशीन परत आत ठेवलंस. पाणी गोठलं, फुगलं, खटका दाबलेला राहिला. बॅटरी गारठून बसत होती, जरा सावरली की चालत होती."

मग मेस्त्रींनी त्याला चार गोष्टी बजावल्या. काम झालं की बॅटरी काढायची. मशीन आतच झाकणाच्या पेटीत बंद करायचं, पेटी बाहेर आणायची आणि मशीन बाहेरच्या हवेइतकं उबदार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. गारठलेली बॅटरी कधी चार्जिंगला लावायची नाही, आतून खराब होते, पेटसुद्धा घेते. आणि सगळं कोरड्या, उबदार जागी ठेवायचं.

अंबादासने बाहेरच्या खोलीत एक जुनं लोखंडी कपाट लावलं, खाली बल्ब बसवला. बॅटऱ्या वरच्या फळीवर, मशिनी खाली. लोकांनाही त्याने सगळं समजावलं. लोकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तीन नंबरच्या दाराशी अगरबत्ती लावलेली दिसली. सिद्धेशने तर सगळ्यांना सांगून टाकलं, की तीन नंबरमधून आवाज आला तर दार उघडायचं नाही. उघडलं की काका बाहेर येतील.

अंबादास हसला. पण त्या दारासमोरून एकटा जाताना तोही पावलं भराभर टाकायचा.

पंधरवड्याने, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, अंबादास डबा उघडत होता. जमिनीतून आल्यासारखा आवाज आला. दोनदा तुटक. एकदा लांब.

त्याच्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवशीसारखा हा आवाज वेडावाकडा नव्हता. हा अगदी तावडेंचा हात होता. दोनमधलं अंतर, शेवटची ओढ, सगळं तेच. परत आला. दोनदा तुटक, एकदा लांब.

सिद्धेशने त्याचा दंड धरला. "दादा, नका जाऊ. आईशप्पथ सांगतो, नका जाऊ."

"सोड."

"बॅटऱ्या सगळ्या कपाटात आहेत ना? मग कसा चालतोय?"

त्या प्रश्नाने अंबादास भानावर आला. तो आधी कपाटाकडे धावला. एक ड्रिल जागेवर नव्हता. वरच्या फळीवर एक बॅटरी कमी होती.

"आत माणूस आहे रे!" तो ओरडला. "अक्षता कुठाय?"

अक्षता पाटणकर डिस्पॅच बघायची. तावडे गेल्यानंतर नोकरीला लागलेली, बोरीवलीहून यायची. तिचा डबा टेबलावर बंद होता.

दार ओढलं तर हलेना. बर्फ धरू नये म्हणून चौकटीत बसवलेली गरम तार बंद पडली होती आणि सगळीकडे बर्फ धरला होता. अंबादासने कपाटातलं छिन्नीचं मशीन काढलं. कोरडं होतं, उबदार होतं, खटका दाबताच चाललं. सिद्धेश आता रडत होता, पण दाराला पहार लावून उभा राहिला. बर्फ फुटत गेला. आतला आवाज मात्र थांबला होता.

दार निघालं तेव्हा अक्षता उंबऱ्याशीच बसलेली होती. ओठ निळे, ड्रिल मांडीत. तिला उचलून बाहेर आणलं, ओलं जॅकेट काढलं, घोंगड्यांत गुंडाळलं.

रॅकची सुटलेली पाटी बसवायला ती आत गेली होती. दोन मिनिटांचं काम म्हणून कुणाला सांगितलं नाही. मागे दार लागलं, आतून दार उघडायचा दांडा बर्फाने धरला. धोक्याच्या घंटीची तार तुटलेली होती. बॅटरी कपाटातल्या उबेतून नेलेली, म्हणून इतका वेळ टिकली. गारठलेली असती तर लगेच बसली असती.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये अंबादास आणि माधुरी तिला भेटायला गेले. ती शुद्धीवर होती, आवाज खोल गेलेला.

"तुला ड्रिल दाराला टेकवायचं कसं सुचलं गं?" अंबादासने विचारलं.

"मला कुठे सुचलं? मी नुसती दार बडवत होते. ते काका म्हणाले."

"कोण काका?"

"रॅकपाशी उभे होते ते. म्हणाले, बोंबलून उपयोग नाय. दाराक लाव. दोनदा थोडं, मग लांब." तिने अंबादासकडे पाहिलं. "ते बाहेर आले ना? मी सगळ्यांना विचारतेय, कोणी सांगतच नाही."

माधुरीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. अंबादासने अक्षताच्या अंगावरची चादर वर ओढली. "तू झोप," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला बाहेर समजावलं, की शरीर फार गार पडलं की मेंदूला भास होतात. माणसं दिसतात, बोलतातही. अंबादासने ऐकून घेतलं. भास मालवणी कसा बोलला, हे त्याने डॉक्टरांना विचारलं नाही.

त्या आठवड्यात तीन नंबरला नवी घंटी लागली, चौकटीची तार बदलली आणि एकट्याने आत जायचं नाही, हा नियम मॅनेजरने सहीनिशी लावला. अक्षता महिन्याभराने परत आली. पहिल्याच दिवशी तीन नंबरचा माल मोजायचा होता. अंबादास तिच्यासोबत जायला जॅकेट चढवू लागला, तेव्हा सिद्धेश जवळ आला.

"दादा, तिला विचारलंत का? कसे दिसत होते ते?"

"नाही."

"का?"

"तिला त्या खोलीत काम करायचंय," अंबादास म्हणाला. "आणि मलाही."

त्याने चेन गळ्यापर्यंत ओढली, सिद्धेशला दाराशी उभं केलं आणि अक्षताला म्हणाला, "चल."