ह्युएच्या गोल ओट्यावरचा आग्रह

मध्यभारत सरकारच्या कचेरीतला मी साधा टंकलेखक. व्हिएतनामात युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या पथकाला माणसं हवी होती, मी अर्ज ठोकून दिला. इंदूरच्या मल्हारगंजातल्या मित्राची काळजी एकच, "भिया, वहां खाएगा क्या?"

मुक्काम तुरान बंदरात होता. एका रविवारला सुट्टी जोडून मी बादशहांची जुनी राजधानी ह्युए बघायला निघालो. जीपने घाट ओलांडण्यात अख्खी सकाळ जाते. घाटात ढग उतरतात, म्हणून लवकर निघावं. शाकाहाऱ्याने भात आणि उकडलेला पाला यांवर भागवायचं. मला घरच्या शेवेने तारलं. ह्युएत सायकलरिक्षा मिळते, पण भाडं आधी ठरवा.

शहराच्या दक्षिणेला पाइनच्या झाडीत एकावर एक ओटे आहेत. खालचे चौकोनी, सगळ्यात वरचा गोल. गोल म्हणजे आकाश. बादशहा उपास करून इथे यायचा, रेड्याचा बळी द्यायचा, आकाशाला रेशीम वाहायचा. शेवटची पूजा होऊन दहा वर्षं झाली होती आणि सगळीकडे गवत माजलं होतं.

खालच्या ओट्यावर एक म्हातारेबुवा झाडत होते. माझे दुभाषी तुआन मास्तर म्हणाले, "हे पूजेत इथे मशाल धरायचे. वर कधी चढले नाहीत."

मी मात्र सरळ वर चढलो आणि बाबांना हाक मारली. ते हसून मान हलवत राहिले. आमच्याकडे पंगतीत पाहुणा नको म्हणाला, की जिलबी वाढायचीच! मी खाली येऊन त्यांचा हात धरला. "अहो चला हो बाबा, अब कौन रोकणार तुम्हाला?" मास्तर "राहू द्या" म्हणत होते, पण मी ऐकतोय कुठला. पाहुण्याचा हात झिडकारणं बाबांना जमलं नाही.

वर जाऊन ते मधोमध उभे राहिले. चहूकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि काही पुटपुटले.

"काय म्हणाले?"

मास्तर म्हणाले, "म्हणतात, इथं तर काहीच नाही."

बाबा उतरले आणि झाडू तिथेच टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी माफी मागायला मी दुपारपर्यंत तिथे बसलो. ते आले नाहीत. त्यांनी जन्मभर जपलेलं मी हात धरून मोडलं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

परत आल्यावर जुन्या इंदूरच्या घरी वडिलांना, आप्पांना, हे सांगत होतो. आप्पांनी सगळी नोकरी दरबाराच्या पायरीखाली, हातात छडी धरून उभं राहण्यात काढली. संस्थान गेलं, आता कोणीही खुशाल आत जातो. आप्पा अजून पायरी चढलेले नाहीत. त्यांना सांगताना बाबांचे ते शब्द मी गाळले, हात धरून ओढल्याचंही.

आप्पा पुढे सरकून बसले. "अपने आप चढला ना रे तो?"

"हो, आप्पा."

मग ते म्हणाले, "तो फिर एक दिवस मला भी आत घेऊन चल."

मी अजून नेलेलं नाही. ते रोज विचारतात.