पाटीवरची दीड घराची फट

आमच्या भागात एके काळी अशी कुजबुज होती, की शाळेतली पोरं ज्या 'पाटी'वर दिवे लुकलुकवतात, तिच्यावर एक फट मुद्दाम ठेवलेली आहे आणि त्या फटीत पाटी करणाऱ्याने काहीतरी दडवलंय. काय दडवलंय यावर मात्र एकमत नव्हतं. सायकल दुरुस्त करणारा म्हणायचा, परदेशी कंपनीशी गुपचूप झालेला करार. केस कापणारा म्हणायचा, तरुणपणी जिच्याशी लग्न ठरता ठरता मोडलं, तिच्या जन्मतारखेचा आकडा. मला ही दुसरी हकीकत जास्त आवडली, म्हणून मी ती चार ठिकाणी पोचवली. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत त्या बाईला लांबसडक केसही आले होते.

पाटी करणारा माझा मित्र. पंपांच्या कारखान्यात आम्ही तीस वर्षं बरोबर काढली. तो ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, मी खाली स्टोअरमध्ये. त्याला सगळे मिलीमीटर म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्याला ती पदवी वाटायची. दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर आधी सरळ करणार, मग 'कसे आहात' विचारणार. त्याच्याकडे कपाट बसवायला आलेला सुतार तिसऱ्या दिवसापासून फोन उचलेनासा झाला. दाराजवळच्या फळीवर नवरा-बायकोचे चष्मे, किल्ल्या आणि पेन अशी काटकोनात मांडलेली असायची, की हात लावायला भीती वाटावी.

कारखान्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकोन असत: आखलं, तपासलं, मंजूर. तीन चौकोनांत तीन वेगळ्या माणसांच्या सह्या. ज्याने आखलं त्याने तपासायचं नाही, कारण आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही. हे वाक्य मिलीमीटर नव्या लोकांना इतक्या वेळा ऐकवायचा, की एकाने ते त्याला निरोपसमारंभात परत ऐकवलं. मिलीमीटरला थट्टा कळली नाही. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "शाबास."

निवृत्त झाल्यावर आठव्या दिवशी वहिनी माझ्या दारात.

"भाऊजी, यांना कुठेतरी गुंतवा हो. काल माझे चमचे लांबीप्रमाणे लावून ठेवले. आज डब्यांवर नजर आहे."

"डबे तर गोल आहेत, वहिनी."

"व्यासाप्रमाणे लावणार म्हणतात!"

गुंतवलं शेवटी त्याच्या मुलीनेच. ती शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेकडे इलेक्ट्रॉनिक्सचा एकच बोर्ड होता. म्हणजे बिस्किटाएवढी एक पट्टी, तिच्यावर नखाएवढी चिप. संगणकावर चार ओळी लिहून त्या चिपला सांगायचं, 'अंधार पडला की दिवा लाव', आणि ती जन्मभर न कुरकुरता तेवढंच करत राहते. काठाने भोकांच्या रांगा असतात, त्यांत तारा खोचायच्या आणि दिवा, मोटर, सेन्सर काय हवं ते जोडायचं. पोरांनी खोचून बघावं, चुकावं, पुन्हा खोचावं, यासाठीच तो असतो. मुख्याध्यापकांनी तो काचेच्या कपाटात ठेवला होता. खराब होऊ नये म्हणून.

"बाबा, तुम्ही एक स्वस्त बोर्ड काढा," मुलगी म्हणाली. "इतका स्वस्त, की मुख्याध्यापकांना कुलूप लावावंसं वाटू नये."

"मला कुठे येतं ते?"

"असल्या बोर्डांची ड्रॉइंग्ज लोक जगासाठी उघडी ठेवतात. बघा, शिका, तसाच बनवा, बदला, हवं तर विका. अट एकच, तुमचा नकाशाही तसाच उघडा ठेवायचा."

ज्याने तीस वर्षं ड्रॉइंग्ज लोखंडी कपाटात बंद केली आणि दोनदा कडी ओढून पाहिली, त्याला हे पटेना.

"आणि कोणी चोरला तर?"

"बाबा, देऊन टाकलेली वस्तू चोरणार कशी?"

यावर त्याला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्याने काम सुरू केलं. आठ महिने खपला. नाव ठेवलं 'पाटी'. पुसा आणि पुन्हा लिहा, एवढाच त्याचा अर्थ. संगणकावर आखायच्या त्या प्रोग्रॅममध्ये ठिपक्यांची एक जाळी असते. भोक ठिपक्याजवळ नेलं की आपोआप नेमक्या जागी जाऊन बसतं. सगळं जग ती जाळी वापरतं. मिलीमीटरने ती पहिल्याच दिवशी बंद केली.

"माझं भोक कुठे बसवायचं ते मशीन मला शिकवणार?"

शेवटच्या आठवड्यात वहिनी चार दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. मी रोज चहाला जायचो, आणि चहा मलाच करावा लागायचा. तो स्क्रीनला नाक लावून बसलेला. मधूनच रुमालाने स्क्रीन पुसायचा आणि पुटपुटायचा, "जुना झालाय रे हा." वहिनी परतल्या त्या डोकं धरूनच. बहिणीकडची हवा मानवली नाही म्हणाल्या. पण तोवर पाटी आखून झाली होती. कोपऱ्यात तीन चौकोनही काढले होते. आता घरात तीन माणसं आणणार कुठून? तिन्ही सह्या त्यानेच ठोकल्या, एकाच दिवशी. मी विचारलं, "तुझा तो कायदा?" तर म्हणाला, "तो इतरांसाठी होता."

महिन्याभराने बोर्ड बनवणाऱ्याकडून दोनशे पाट्या आल्या. हिरव्यागार, चकचकीत. मुलीने खोकं उचललं आणि तशीच शाळेत गेली, बापाला पाच ठेवल्या. मी तिथेच होतो. त्याने स्टीलची पट्टी काढली आणि पाटीला लावली. मग पट्टी पुसली आणि पुन्हा लावली.

"काय रे?"

त्याने दुसरी पाटी उचलली आणि तिलाही पट्टी लावली.

"अरे, काय झालं?"

"सव्वा मिलीमीटर," तो म्हणाला. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा आवाज.

वरच्या काठाला भोकांचे दोन गट होते. दोन्हींच्या मधे एका घराची जागा सोडायची, म्हणजे दोन भोकांत असते तेवढी. सुटली होती दीड घराची. मिलीमीटर म्हणवणारा माणूस सव्वा मिलीमीटरने चुकला होता, आणि चुकीखाली त्याच्याच तीन सह्या होत्या.

तो शाळेत धावला. पण वर्गात चाळीस पाट्या चाळीस बाकांवर पोचून लुकलुकत होत्या. पाटी चालत उत्तम होती हो! तारा खोचायला दीड घर काय आणि एक घर काय. तो दारातूनच मागे फिरला.

पुढचा घोळ उघड्या नकाशाने केला. इतर शाळांच्या शिक्षकांनी तो उतरवून घेतला आणि आपापल्या पाट्या करवल्या. मग पाटीवर वरून बसणाऱ्या 'जोडपाट्या' निघाल्या. एक मातीचा ओलावा मोजणारी, एक मोटर फिरवणारी, एक नुसतीच पिपाणी वाजवणारी. जोडपाटीला खाली धातूचे पाय असतात, ते पाटीच्या भोकांत नेमके बसावे लागतात. म्हणजे प्रत्येक जोडपाटीला दीड घराची फट आलीच. कुणी पाटी लाल केली, कुणी निळी, कुणी कोपऱ्यात फूल काढलं, फट मात्र सगळ्यांनी जशीच्या तशी ठेवली. हजारो लोकांनी तो नकाशा उघडला असेल. एकानेही शंका काढली नाही. खाली तीन तीन सह्या असल्यावर कोण काढणार?

दोन वर्षं हा माणूस मनात कुढला. मग गुपचूप बरोबर पाटी आखली. बरोब्बर एक घर. पंचवीस बनवून घेतल्या आणि मुलीसमोर ठेवल्या. तिने एकीवर जोडपाटी ठेवून दाबली. बसली नाही.

"बाबा, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण ते कशालाच बसत नाही."

"मग जोडपाट्या बदला."

"एक्केचाळीस शाळांतल्या? पोरांनी हातांनी डाख देऊन केल्यात त्या. कचऱ्यात टाकायला कोण सांगणार, तुम्ही?"

"चुकीचं ड्रॉइंग मी आयुष्यात बाहेर जाऊ दिलेलं नाही."

"गेलंय बाबा. दोन वर्षं झाली."

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, जेवून भांडा." पण तो जेवलाच नाही.

आणि नेमकं त्याच महिन्यात शिक्षणखात्याच्या समितीचं बोलावणं आलं. सगळ्या शाळांसाठी एकच बोर्ड ठरवायचा होता आणि समितीला पाटी पसंत पडली होती. कर्त्याने स्वतः नमुना घेऊन यावं, त्यावर शिक्का बसेल, मग दहा वर्षं बदल नाही. जो नमुना तो टेबलावर ठेवेल तोच कायमचा. मुलीने हात जोडले, "जुनी ठेवा." त्याने दोन्ही पाट्या पुसून ठेवल्या. समितीच्या दिवशी निघाला तेव्हा उजव्या खिशात बरोबर पाटी होती आणि डाव्या खिशात चुकीची. मी बरोबर गेलो, पिशवी धरायला. पिशवी रिकामी होती.

कार्यालयाच्या लांब व्हरांड्यात शाळांनी आपापले प्रयोग मांडले होते. एका टेबलाशी दोन वेण्यांची एक मुलगी जिवाच्या आकांताने पकड चालवत होती. हातात तिची जोडपाटी, समोर मिलीमीटरने तिच्या शाळेला वानगीदाखल दिलेली बरोबर पाटी. जोडपाटीचे पाय ती एकेक करून वाकवत होती.

"काय करतेस ग?" मिलीमीटरने विचारलं.

"बसत नाहीये, आजोबा. ही नवी पाटी चुकलीय."

"चुकलीय?"

"हो ना! ज्याने केली त्याला मोजता येत नाही वाटतं." आणि तिने आणखी एक पाय वाकवला. तो तुटला. तिचे डोळे भरले.

मी भिंतीकडे बघितलं. अशा वेळी भिंती फार उपयोगी पडतात. मिलीमीटरने तिच्या हातातली पकड घेतली, उरलेले पाय एकेक करून सरळ केले आणि तुटलेल्या जागी तारेचा तुकडा धरून दिला. तिने डाख दिला. मग त्याने डाव्या खिशातली पाटी काढून तिच्यासमोर धरली. जोडपाटी खट्कन बसली. पिपाणी वाजली.

"ही बरोबर आहे," मुलगी म्हणाली.

"मला जरा वेळ परत दे," तो म्हणाला, "आत दाखवायचीय."

आत अध्यक्षबाई, आणखी दोघं, आणि हातात बारीक मापाचं व्हर्नियर धरलेले एक किडकिडीत तपासनीस. मी त्यांच्याकडे बघितलं आणि ओळखलं. तो दुसरा मिलीमीटर होता. त्यांनी पाटी मोजली, चष्मा वर केला, पुन्हा मोजली.

"हे अंतर दीड घराचं आहे. बाकी सगळीकडे एक. चूक असेल तर दुरुस्तीला परत जाईल. चूक आहे की मुद्दाम?"

मिलीमीटरने चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. शाळेतर्फे आलेली त्याची मुलगी त्याच्याकडेच बघत होती. त्याने आयुष्यात एकदाही खोटं माप सांगितलं नव्हतं.

"आता मुद्दाम आहे," तो म्हणाला.

"आता म्हणजे?"

"म्हणजे कायम ठेवा. तसं लिहून सही करून देतो."

तपासनीस तोंड उघडणार, इतक्यात अध्यक्षबाईंचा चेहरा उजळला. "अहो, लक्षात नाही आलं तुमच्या? जोडपाटी उलटी बसूच नये म्हणून! लहान मुलांचा किती बारीक विचार!" तपासनिसांनी टेबलावरची एक जोडपाटी उलटी बसवून पाहिली. खरंच बसेना. त्यांनी मान डोलावली. त्याच्या मुलीला खोकला आला. मिलीमीटरने टेबलावरचा कागद काठाशी समांतर केला. शिक्का बसला.

तेव्हापासून त्या फटीचं नशीब उघडलं. एका मासिकात तिच्यावर दोन पानं आली. कुठल्या कुठल्या कारखान्यांत पाटी बनू लागली आणि विकणारे गिऱ्हाइकाला सांगू लागले, दीड घर मोजून घ्या, तीच अस्सल. एका सभेत एका पाहुण्याने तिला दूरदृष्टी म्हटलं. मिलीमीटर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता, लोकांना वाटलं विनय. दूरदृष्टीपाठोपाठ कुजबुज आली, करार आला, ती लांबसडक केसांची बाई आली. वहिनींच्या कानावर ती गेली तेव्हा त्यांनी मला चहाला बोलावलं.

"भाऊजी, ही केसवाली कोण हो?"

"मला काय माहीत, वहिनी? लोक काहीही बोलतात."

"लोक?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की चहा गार झाला. "खरं सांगते, ते पोचवा चार ठिकाणी."

खरं असं: दोघांचे चष्मे एकाच दुकानातून, एकावर एक फुकट घेतलेले, सारखेच तपकिरी. बहिणीकडे जाताना वहिनी घाईत त्याचा चष्मा घालून गेल्या. चार दिवस त्याच्या नाकावर बायकोचा चष्मा होता. फट त्याने त्यातून आखली, त्यातूनच तपासली आणि त्यातूनच मंजूर केली.