टकलूला ईद मुबारक

एका गोदामात माणूस सदतीस वर्षं बसला की त्याच्याकडे पाण्याचे पंप कमी आणि गोष्टी जास्त साठतात. पंपांना गिऱ्हाईक येतं. गोष्टी तशाच धूळ खात पडतात. म्हणून झाडून काढतोय. मी धोंडू, शाळा चौथीपर्यंत, मस्कतमधलं वादी अदाईचं गोदाम सांभाळतो. गेल्या वर्षी आमच्या कंपनीने सगळ्यांच्या फोनमधली नावं, तारखा आणि टिपणं उचलून पत्रं टाइप करायच्या प्रोग्रामला जोडली. त्या वर्षात मला जेवढे धक्के बसले, तेवढे आधीच्या छत्तीस वर्षांत बसले नाहीत.

माझं स्वतःचं एक लचांड त्यात होतं, ते आधीच सांगून टाकतो. साठीच्या वरच्यांना घरी पाठवायचं, असं मॅनेजर बोलायला लागला होता. मी एकसष्ट. गावच्या घराला कुलूप, बायको वारली, चावी पुतण्याकडे. तिकडे जाऊन मी काय कुलपाशी बोलू? मला जायचं नव्हतं.

*

ऑफिसात पत्रांचं काम निकिताकडे. पोरगी मस्कतमध्येच वाढली, मराठी बोलताना अडखळते. एक दिवस गोदामात आली.

"अंकल, तुमची फोन द्या. सगळ्यांचे नाव एका लिस्टमध्ये जाणार. मग लेटर स्वतः नाव उचलणार."

"माझ्या फोनात नावं नाहीत," मी म्हटलं. "खुणा आहेत."

"सेम आहे, अंकल."

सेम काय, कपाळ. माझा फोन भरून दिला होता इक्बालने. इक्बाल आमचा सेल्समन, दापोलीचा. मी जसं सांगितलं तसं त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं.

ईदला सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं गेली. आठवड्याने सोहारचा एक ओमानी दुकानदार काउंटरवर आला आणि पत्र समोर ठेवलं. इक्बालने वाचून दाखवलं. 'डिअर मिस्टर टकलू सोहार, ईद मुबारक.'

ही माझीच खूण. त्या माणसाने शांतपणे डोक्यावरची टोपी काढली. खाली दाट काळे केस.

"टकलू मेरा भाई है," तो म्हणाला. "दुकान का फोन एक है. ये मैं उसको दे दूँगा. मेरा अलग से बनाओ."

निकिता कॉम्प्युटरकडे वळली, तर म्हणतो, "रुको. इसने मेरा नाम क्या रखा है, पहले वो बताओ."

मी गोदामात पंप मोजायला निघून गेलो.

*

मग इक्बालची पाळी. तो कुठे जाणार, कधी जाणार, ते त्याच्या फोनच्या कॅलेंडरमधून उचलून गिऱ्हाइकाला पत्र जायचं. मॅनेजरला हे फार आवडायचं. म्हणायचा, आता गिऱ्हाइकाला आधीच कळतं आपण कशासाठी येतोय.

गिऱ्हाइकाला कळलंच. अल अमेरातच्या एका कॉन्ट्रॅक्टरला पत्र गेलं: आमचे प्रतिनिधी गुरुवारी दहा वाजता येतील, कामाचा विषय, अम्मीचे गुडघे.

इक्बालने त्याच वेळेला घरी फोन करायचं लिहून ठेवलं होतं. त्याला काही पत्ता नाही. हा टाय लावून, पंपांचं पुस्तक घेऊन गेला. कॉन्ट्रॅक्टरने बसवलं, कहवा पाजला आणि समोर मलमाच्या दोन मोठ्या ट्यूब ठेवल्या. म्हणाला, माझ्या आईला यानेच गुण आला, रात्री गरम फडकं बांधायला सांग.

इक्बाल परत आला तो ट्यूब हातात घेऊन.

"ऑर्डर?" मॅनेजरने विचारलं.

"ऑर्डर कसली मागू, साहेब? तो माणूस अर्धा तास अम्मीबद्दल विचारत होता."

मलम लागू पडलं म्हणे. पंप अजून गेलेला नाही.

*

पुढची गोष्ट हसायची नाही.

जी गिऱ्हाइकं वर्षभर फिरकली नाहीत, त्यांना पत्र गेलं. 'आपण बऱ्याच दिवसांत आला नाहीत. आम्हांला आपली आठवण येते. एकदा येऊन जा.' त्यातलं एक आमच्या अर्बाबच्याच घरी पोचलं. मालकाला इथे अर्बाब म्हणतात. पत्र त्याच्या वडिलांच्या नावाने होतं. म्हातारा अर्बाब जाऊन तीन वर्षं झालेली. माणूस मेला तरी त्याचा नंबर कोणी पुसत नाही, माझ्याही फोनात होता.

अर्बाब ऑफिसात आला. पत्र हातात. निकिताने तोंडावर हात ठेवला आणि रडायलाच लागली.

"सॉरी सर, मी आत्ता काढते. आत्ता डिलीट करते."

"नहीं," अर्बाब म्हणाला. "लिस्ट में रहने दो."

पत्र त्याने घडी करून डिशडाशाच्या, त्या लांब पांढऱ्या झग्याच्या, खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी वडिलांचा जुना फोन आणून निकिताला दिला. म्हणाला, यातलंही सगळं यादीत घाल, काही हरवायला नको. तिने घातलं.

*

मग मूर्खपणा मी केला.

निकिता म्हणाली, नावाखाली टिपण लिहायला जागा असते. गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी त्याचं पान छापून निघेल. तिने विचारलं, मी सांगत गेलो. याच्याकडे आधी खजूर खायचे, मग तोंड उघडायचं. याला उंटाची खबर विचार, पंपाची गोष्ट तो स्वतः काढेल. याच्यासमोर त्याच्या जावयाचं नाव नको. चार दुपारी बोललो.

अकरा पानं निघाली. सदतीस वर्षांची अकरा पानं. मी ती हातात धरून बघत राहिलो.

इक्बाल ती वाचून सोहारला गेला आणि ज्या माणसाने आम्हांला कधी दारात उभं केलं नव्हतं, त्याच्याकडून ऑर्डर घेऊन आला. मॅनेजरने माझी पाठ थोपटली.

"धोंडू, अब सब कुछ सिस्टम में है."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आता या म्हाताऱ्याचं काम काय? माझं तिकीट मीच सांगून छापून घेतलं होतं.

*

महिन्याभरात पाकीट आलं. साठीवरच्या सगळ्यांना आली, यादीतून नावं उचलून. मी इक्बालला म्हटलं, वाच.

"डिअर मिस्टर धोंडू," त्याने सुरुवात केली. "कंपनी आपली सेवा थांबवत आहे. कारण..." आणि त्याने पत्र डोळ्यांजवळ धरलं.

"वाच ना. साठ झाली, हेच असेल."

"नाय दादा. हितं अरबीत लिवलंय. मला अक्षरं लागतात, अर्थ नाय लागत."

निकिताला बोलावलं. तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि घाबरली. कारणाची जागा रिकामी राहिली होती, म्हणून लेटरने माझ्या नावाखालचं टिपण उचललं. बाकीच्यांच्या नावाखाली काही नव्हतं. माझ्या होतं.

"कोणी लिहिलं?"

"म्हाताऱ्या अर्बाबच्या फोनमधून आलंय, अंकल."

मी पत्र घेऊन सरळ अर्बाबकडे गेलो. मॅनेजर तिथेच बसला होता. अर्बाबने ती ओळ वाचली. परत वाचली.

"बाबा का है," तो म्हणाला. मग हिंदीत करून सांगितलं, हळू, एकेक शब्द. "धोंडू. चाय में चीनी कम. जब तक खुद जाने को न बोले, जाने नहीं देना."

मॅनेजर खुर्चीत सरळ झाला. म्हणाला, सर, ये सिस्टम की गलती है.

अर्बाबने पत्राची घडी घातली आणि त्याच खिशात ठेवली.

"तू बोला क्या, जाने को?"

"नहीं, अर्बाब."

"फिर इधर क्या कर रहा है? यल्ला, चल, नीचे सोहार की गाड़ी माल के लिए खड़ी है."