शिवरंजनी बाईंचा ऐकण्याचा तास

शिवरंजनी बाईंना कुणी 'हळू बोला' म्हटलं, तर त्या आणखी भराभर बोलतात. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि हुरूप आला की दोन्हींची मिसळ. सास्तूरजवळच्या कृषी पदविकेच्या कॉलेजात त्या अकरा वर्षं भाषा शिकवतात. भाषा कसली, त्यांचा तास म्हणजे ऐकण्याचा तास. माती तपासणीचा रिपोर्ट शेतकऱ्याला वाचून दाखवण्याआधी त्याला बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, हा त्यांचा नियम.

प्राचार्य योगीराज सर वाईट नव्हेत. पोरं नोकरीला लागली पाहिजेत, एवढा एकच त्यांचा ध्यास. ऐकण्याची ना परीक्षा, ना गुण. म्हणून तो तास शनिवारी शेवटी ढकललेला. आता तो काढून तिथं संगणक घालायचं घाटत होतं. "आज मागं बसून बघतो, मग ठरवू," सर म्हणाले. खरं सांगायचं तर बाईंना भीतीपेक्षा उत्साहच जास्त होता.

त्या दिवशी जवळच शेती करणाऱ्या चन्नम्मा आज्जींना वर्गात बोलावलं होतं. त्यांच्या रानाचा रिपोर्ट वर्गातल्या दीपालीच्या हातात होता: जमीन कसदार, खत निम्मं करा. खाली सरांची सही.

दीपालीनं कागद पालथा ठेवला. "आज्जी, औंदा रानात काय काय केलं, सांगा की."

आज्जी सुरू झाल्या त्या सुनेच्या तक्रारीपासून. मग बैलाचा खूर, मग जावयाची मोटरसायकल. सर घड्याळ बघू लागले. दीपालीनं कासावीस होऊन बाईंकडं पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच सांगितलं, ऐक.

"मग खतासाठनं धोंडीबाची मेंढरं बसिवली," आज्जी म्हणाल्या. "चार दिस. पर समद्या रानात न्हाय, रस्त्याकडंच्या तुकड्यातच. त्येला फुडं जायाची घाई हुती."

बाई खुर्चीवरून उठल्याच आणि आज्जींच्या रानातली माती आणणाऱ्या पोराकडं वळल्या. "बसवेश, तू माती कुठनं आणलीस रे?"

तपासणीची माती रानातल्या आठ-दहा जागांहून घ्यायची, हे बसवेशला तोंडपाठ होतं. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते. "गाडी लावली होती तिथनंच, मॅडम. रस्त्याकडंनं."

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. पुढे येऊन त्यांनी रिपोर्ट उचलला आणि आपल्याच सहीकडं बघत राहिले. "म्हणजे हा रिपोर्ट लेंड्यांचा," ते म्हणाले. "आज्जी, ह्याच्यावर विसंबून तुम्ही खत निम्मं केलं असतं, तर बाकीचं रान उपाशी राहिलं असतं. चूक आमची."

"व्हय की," आज्जी म्हणाल्या. "पर इचारलंच न्हवतं कुणी."

बाईंना नाचावंसं वाटत होतं. सर मात्र तडक ऑफिसात गेले आणि वेळापत्रकाच्या फळ्यावरचा शनिवारचा शेवटचा तास पुसून टाकला. बाई दारातून बघत होत्या. मग सरांनी तोच तास सोमवारी सगळ्यात आधी लिहिला. माती आणायला पोरं सोमवारीच बाहेर पडतात.

सोमवारी शिपाई कुलूप काढायला आला, तेव्हा बाई पायरीवर बसल्या होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा तास सकाळी होता. झोप कुठली लागायला. शेजारी रिकामी पिशवी घेऊन बसवेश उभा.

"चन्नम्मा आज्जींकडं मीच जातो, मॅडम," तो म्हणाला. "गाडी घरीच ठेवलीय."