विमेवाली प्रेमिला

प्रेमिला गावभर फिरून आपल्या नवऱ्याचं मरण सांगायची आणि ते ऐकून लोक विमा उतरवायचे. हे मी तिच्या तोंडावर म्हटलेलं आहे, तिच्या माघारी नाही.

नागपूरच्या इंदोऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिचा नवरा गोविंदा हातगाडीवर बर्फाच्या लाद्या पोचवायचा. एका मे महिन्यात त्याला ऊन लागलं आणि बघता बघता धडधाकट माणूस गेला. नुकताच, कुणा दोस्ताच्या आग्रहाने, त्याने विमा उतरवला होता. त्या पैशांनी प्रेमिला आणि तिची म्हातारी सासू भीमाबाई रस्त्यावर यायच्या वाचल्या. तोवर आमच्या वस्तीत विमा म्हणजे साहेबलोकांचे चोचले. "जित्या माणसाच्या मरणाची तयारी काहून करायची?" असं विचारणारेच सगळे.

विमा कचेरीतल्या वामनरावांनी हे हेरलं आणि प्रेमिलाला एजंट केलं. बुद्धविहारात नाहीतर शाळेत लोक जमवायचे, नाला चढला तर काय, घर पेटलं तर काय, कमावता माणूस गेला तर काय, यावर स्वतः थोडं बोलायचं आणि मग म्हणायचं, "बाई, सांगा." प्रेमिला उभी राहायची. मोकळं कपाळ, मोकळे हात, अंगावर पांढरं पातळ. "माझा नवरा बर्फ विकायचा अन् उन्हानं गेला," इथून ती सुरू करायची. बाया पदर डोळ्यांना लावायच्या, पुरुष खिशातून पेन काढायचे. पांढरं पातळ वामनरावांनीच आणून दिलेलं. आमच्या बौद्ध समाजात नवरी पांढरं नेसते हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! पोरी तिला चिडवायच्या, "प्रेमिलाबाई, कोणाचं लगन हाय वं?"

मग खरंच तिचं लग्न ठरलं. कोराडीच्या वीज केंद्रात कामाला असलेला बळीराम चांगला माणूस होता, आणि भीमाबाईनेच पुढाकार घेतला. आपल्या हाताने सुनेचं दुसरं लग्न लावणारी सासू मी तरी दुसरी पाहिली नाही. लग्नात प्रेमिलाने पांढरी साडी नेसायला साफ नकार दिला आणि हिरवीगार नेसली. विहारात कुजबुज झाली, होऊ द्या.

पण वामनराव एकदा सहज बोलून गेले होते, "बाई, लोक तुमच्या कपाळाकडे बघून सही करतात." ते वाक्य तिच्या डोक्यात रुतून बसलं होतं. काम गेलं तर भीमाबाईला कोण पोसणार? बळीरामच्या पगारावर त्याच्या गावाकडच्यांचा डोळा. म्हणून तिने कचेरीत लग्नाचं सांगितलंच नाही. रोज सकाळी ती कोराडीहून बसने माझ्या घरी यायची, काळी पोत काढून माझ्या तांदळाच्या डब्यात ठेवायची, टिकली पुसायची आणि विधवा होऊन निघायची. संध्याकाळी पुन्हा सवाष्ण. मला राग यायचा. "कोणासाठी करून राहिली वं हे?" मी विचारायची. ती म्हणायची, "कांताबाई, आता यातून निघू कशी?" आणि हसायची. ते हसणं मला बघवायचं नाही.

एक गोष्ट आणखी. अर्ध्या नागपूरचा विमा उतरवणारी ही बाई बळीरामला मात्र विमा घेऊ देत नव्हती. तो मागे लागला की विषय बदलायची.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. वामनरावांनी सभा ठरवली ती नेमकी कोराडीला, बळीरामच्याच कॉलनीत. प्रेमिला सकाळीच माझ्याकडे आली. "मले ताप हाय म्हणून सांगते," म्हणाली. तेवढ्यात दारात वामनरावांची जीप. सुटका नव्हती. मी तशीच चप्पल घालून तिच्यासोबत जीपमध्ये चढले.

हॉल खचाखच भरलेला. ती मोकळ्या कपाळाने आत शिरली आणि पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक जण म्हणालीच, "अवं, हे तर बळीरामची..." मागे भिंतीला टेकून बळीराम उभा होता. तिला कुठे लपवू असं मला झालं.

"बाई, सांगा," वामनराव म्हणाले.

ती उभी राहिली. "माझा नवरा..." एवढं म्हणून थांबली. एरवी झोपेतसुद्धा म्हणेल असं ते वाक्य. मागच्या भिंतीकडे पाहून ती म्हणाली, "माझा पहिला नवरा बर्फ विकायचा."

वामनरावांनी चमकून मान वळवली. तिने सगळं सांगितलं, पण आज वेगळंच. गोविंदा गाडी ओढताना शीळ घालायचा, उरलेला बर्फ पोरांना वाटायचा, हे तिने कुठल्याच सभेत सांगितलं नव्हतं. सांगता सांगता तिला हुंदका आला, आणि तो खरा होता, मी ओळखते.

तेव्हा बळीराम मागून पुढे आला. "साहेब, माझा विमा लिहा," तो म्हणाला. "वारस म्हणून बायकोचं नाव टाका. प्रेमिला."

वामनराव मुरलेले गृहस्थ. क्षणभर दोघांकडे पाहिलं, काय समजायचं ते समजले आणि कागद तिच्याकडे सरकवला. "लिहा बाई. तुमचंच काम आहे."

प्रेमिलाने पेन हातात घेतलं. बळीराम वाट पाहत होता, हॉल वाट पाहत होता. तिने पेन खाली ठेवलं.

"साऱ्यांचा लिहीन," ती म्हणाली, "याचा नाई. साहेब, तुमी मले पुन्हा उभी करसान. याच्या मरणाची गोष्ट मले सांगता नाई येणार."