पिन खिशात ठेवणारे मामा

काम करताना मधूनमधून मामांच्या शर्टाच्या खिशातून एक काळी वायर बाहेर आलेली दिसायची. नवखं गिऱ्हाईक दुकानात आलं की मला हळूच विचारायचं, मिस्त्रींना कमी ऐकू येतं का हो? तेव्हा कानाच्या यंत्राची डबी लोक खिशात ठेवत आणि तिची वायर कानापर्यंत जाई, म्हणून तो समज. मामांचे कान चांगले तिखट होते. त्यांच्या खिशात असायची ती जिगसॉची पिन. जिगसॉ म्हणजे हातात धरून चालवायची विजेची आरी. आकाराने इस्त्रीएवढी, पुढे बोटभर लांब उभं पातं; ते वरखाली नाचतं आणि फळीतून हवं तसं वळण कापून काढतं. तिचं पातं बदलायचं झालं की मामा आधी भिंतीतली पिन उपसायचे, ती आपल्या खिशात टाकायचे, वरून एकदा थापटायचे आणि मगच पात्याला हात लावायचे. "पिन ज्याच्या खिशात, त्याचंच बोट पात्यावर," असं ते म्हणत.

मामांबद्दल लिहायचं म्हणजे मला मान खाली घालूनच लिहावं लागेल. आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला मी फार भला माणूस वाटायला नको. त्यांच्या उजव्या हाताचं जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि ते मी तीन वर्षं कोणालाही सांगितलं नाही. त्यांनाही नाही.

मी साइनबोर्ड पेंटर. सक्करदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. अर्ध्या नागपूरच्या दुकानांवर माझं अक्षर आहे अशी माझी तेव्हा समजूत होती, आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. ऐंशीच्या आसपास लोकांना रंगवलेल्या पाटीपेक्षा प्लायवुडची कापलेली अक्षरं आवडायला लागली. मी मुंबईहून एक जुनी जिगसॉ आणली आणि ती चालवायला मामांना. पन्नाशी उलटलेले, किडकिडीत, डोक्याला कायम दुपट्टा गुंडाळलेला. आधी एका फर्निचरच्या कारखान्यात होते. नाव होतंच, पण सगळी वस्ती त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामा म्हणू लागलो. ते मला 'पेंटर' म्हणत, आणि मालक असूनही अरेतुरे करत. मला त्याचं बरंच वाटायचं.

फळी कापायच्या आधी मामा वाकून तिच्या खाली बघायचे. दर वेळी. दिवसातून चाळीस वेळा वाकत असतील. फळी दोन लाकडी घोड्यांवर ठेवून शिकंज्यात आवळलेली असली तरी वाकायचे. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "वरून आपल्याले काम दिसते गा पेंटर. पातं खालून निंघते, तिथं आपलीच मांडी राहते." कारखान्यात एकाने फळी मांडीवर घेऊन कापली होती म्हणे. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात दुपट्टा तोंडावर घेतल्याशिवाय बाहेर निघवत नाही, पण मशीनपाशी आलं की मामा तो काढून खिळ्याला अडकवत. एरवी डोक्यावरून न उतरणारा दुपट्टा तेवढ्यापुरता उतरायचा. मी सैल बाह्यांचा झब्बा घालून जवळ गेलो की हातातलं काम थांबवून ते स्वतः माझ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून द्यायचे, लहान मुलाला शाळेत पाठवताना आई करते तसं. गिऱ्हाइकासमोर मला कानकोंडं व्हायचं. मी चिडून म्हणायचो, मामा, मी काय आज पाळण्यातून उतरलो का? ते म्हणायचे, मशीनला तुझं वय माहीत नाही.

आणि शनिवारी तर त्यांचा सोहळाच असायचा. दुपारी चारनंतर काम बंद. सायकलचा पंप लावून जिगसॉच्या जाळीतला भुसा उडवायचा, जुन्या दात घासायच्या ब्रशने सांदीकोपरे झाडायचे, कंपनीने सांगितलं असेल तिथे थेंबभर तेल. मग आतल्या मोटरचे कार्बन काढून किती झिजले ते उजेडात धरून पाहायचं. वायर हातातून फूट फूट सरकवत कुठे चीर पडली का ते बघायचं. वाकलेली, बोथट पाती वेगळ्या डब्यात. त्या डब्यातलं पातं पुन्हा मशीनला लावायचं नाही, कितीही घाई असो. सगळं झालं की मशीन एकदा रिकामी चालवून डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचे. थांबवली तरी पातं पुरतं स्थिर होईपर्यंत खाली ठेवायचे नाहीत. "दम जाऊ दे तिचा," म्हणायचे. माझा दम मात्र निघायचा नाही. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हे डोळे मिटून आवाज ऐकत बसलेले!

माझी ही घाईच सगळ्याच्या मुळाशी आहे. पिन उपसून उपसून भिंतीतलं सॉकेट ढिलं झालं होतं, ठिणग्या पडायच्या. मी शहाणपणा केला. दाराजवळ नवा लाकडी बोर्ड बसवून घेतला, दिवा, पंखा आणि मशीनची एकसारखी तीन बटनं, आणि मामांना बजावलं की आता पिन लावलेलीच राहू द्यायची, बोर्डावरचं बटन बंद केलं की झालं. ते तयार नव्हते. बटन दाराशी आणि मशीन आत, मधे दहा पावलं. बटनावर कोण हात ठेवेल ते आपल्याला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, दुकान माझं आहे. मग ते एवढंच म्हणाले, निदान कोणतं बटन कशाचं ते लिहून तरी ठेव. मी हो म्हणालो. अर्ध्या नागपूरच्या पाट्या लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या बोर्डावर तीन शब्द लिहायला महिनाभर सवड झाली नाही. आज लिहू, उद्या लिहू. मामा पातं बदलताना सवयीने रिकामा खिसा थापटायचे, हे मला दिसायचं आणि हसूही यायचं.

एप्रिल आला. जयंतीसाठी मामांच्या वस्तीने कमान करायला दिली होती. वर चक्र, चोवीस आऱ्यांचं. प्रत्येक दोन आऱ्यांमधली जागा कापून काढायची. आधी गिरमिटाने भोक पाडायचं, त्यातून पातं घालायचं आणि हळूहळू कोपऱ्याकोपऱ्याने फिरायचं. आपल्या वस्तीचं काम म्हणून मामा ते दुसऱ्या कोणाला शिवू देत नव्हते. कापताना भुसा डोळ्यांत उडतो म्हणून पंखाही बंद ठेवलेला. त्या दुपारी मी बाहेरून आलो. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली होती, दुकानात कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं, आणि मशीनचा आवाज येत नव्हता. मामा उभ्या केलेल्या कमानीच्या आड बसून पातं बदलत होते. डाव्या हाताच्या मुठीत मशीन, तिचा घोडा, म्हणजे चालू करायचा खटका, त्या मुठीत दाबला गेलेला, आणि उजव्या हाताची बोटं पात्यावर. मी पंखा लावायला बटन दाबलं. पंखा फिरला नाही. मशीन फिरली.

मी ते बटन लगेच बंद केलं. मग धावत कमानीमागे गेलो. माझ्या हाताला बटनाचा तो स्पर्श आजही आठवतो, रक्त तेवढं आठवत नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामाच म्हणाले, "बटन बंद करायचं राहिलं माह्याच्यानं." त्यांना तसंच वाटलं होतं. मी आल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. आपल्या ओरडण्याने मी धावत आलो अशी त्यांची समजूत. बटन चालूच राहिलं असणार आणि आपल्याच मुठीने घोडा दाबला असणार, असा त्यांनी हिशोब लावला. मी मूग गिळून उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं. त्यावर मी मान हलवली. ती मान मी का हलवली, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे, त्याची गणती नाही.

पहिल्या बोटाचं पेर गेलं, अंगठा ताठ राहिला. तरी मामा काम करू शकले असते, त्यांचा डावा हातही चांगला चालायचा. पण त्यांनी मशीनला पुन्हा हात लावला नाही. मी बोलवायला माणूस पाठवला, तर निरोप आला की ज्याला बटन बंद केलं की नाही हे आठवत नाही, त्याने मशीन धरू नये. चक्राच्या उरलेल्या आऱ्या दुसऱ्या मिस्त्रीने कापल्या, ओबडधोबड. पुढे मामा दुकान, वस्ती सगळं सोडून मुलाकडे खापरखेड्याला गेले. मुलगा तिथल्या वीज केंद्रात होता.

माझी लाज एवढ्यावरच थांबली असती तर बरं होतं. लोक विचारायचे, मामांसारख्या माणसाच्या हातून असं कसं झालं? तर मी म्हणायचो, वय झालं होतं हो, विसरभोळेपणा आला होता. नव्या मिस्त्रीला मी मामांचं उदाहरण देऊन धडे द्यायचो. एवढंच नाही, मी एक पाटी रंगवली. 'बटन बंद केल्याशिवाय पात्याला हात लावू नये.' पिवळ्यावर लाल, ठसठशीत, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. कोणाची चूक म्हणून ती पाटी लागली ते रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तीन वर्षांनी सीताबर्डीला भाजी घेताना, कामासाठी नागपूरला आलेल्या मामी भेटल्या. मामा कसे आहेत विचारलं. हाताचं त्यांनी काही सांगितलं नाही. म्हणाल्या, हात चालते जी, मनच चालत नाही. घराला कुलूप लावून निघाले की चौकातून परत येतात, लावलं की नाही ते पाहायला. नळ बंद केला तरी दोनदा उठतात. घरी एकटे असले तर स्टोव्ह पेटवत नाहीत, विझवायचा राहील म्हणून; मामी येईपर्यंत चहावाचून बसून राहतात. कधी कोणी काही विचारलं तर म्हणतात, माह्यावर भरोसा नोका ठेवू. मी मेथीची जुडी हातात धरून ऐकत होतो. मला वाटत होतं की मी त्यांचं बोट घेतलं, ते वाईट झालं. त्या दिवशी कळलं की बोट सगळ्यात कमी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी खापरखेड्याला गेलो. कॉलनीत मुलाचं क्वार्टर शोधलं. मुलगा ड्यूटीवर होता. मामा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, मला पाहून उठले, हात धरून आत नेलं, धंद्याचं विचारलं. मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एका दमात. ऊन, पंखा, बटन. मग डॉक्टरांसमोर गप्प राहिलो ते. मग ती पाटी. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी मनात म्हटलं, आता एक मुस्काटात पडली तर बरं होईल. पण मामांनी कारागिरासारखा एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे तू दाबाच्या आंधी माह्यं बटन बंद होतं?"

"बंद होतं मामा. तुम्ही बंदच केलं होतं."

"पक्कं?"

"पक्कं."

ते खाली बसले. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिले. मग मामींकडे वळून म्हणाले, "ऐकलं काय वं? बंद केलं होतं मी." आणि हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. मला म्हणाले, बरं झालं गा सांगितलं. लय बरं झालं. त्यांनी माझे आभार मानले! त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर मी आनंदाने गेलो असतो. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर मला तसंच वर ओढलं आणि म्हणाले, थांब, चहा घेऊन जा, आज चहा मी करतो. मामी पुढे झाल्या तर त्यांना हाताने बाजूला सारलं, आणि स्वयंपाकघरात गेले. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला.

मामी माझ्यासमोर खाली बसल्या. त्या हसत नव्हत्या. दाराकडे एकदा पाहून, आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आमी वस्तीत होतो तवा दोन खेपा आले होते ना जी तुमी? संत्री घेऊन?"

त्या दोन खेपांबद्दल मी वर एक अक्षरही लिहिलेलं नाही. लिहिताना वाटलं, नाही सांगितलं तरी चालून जाईल. दोन्ही वेळा मी मामांच्या पलंगावर बसलो होतो, त्यांच्या बँडेजवर हात ठेवला होता, आणि होतं असं, मनाला लावून घेऊ नका मामा, असं सांगून आलो होतो.

"तवा मालूम होतं तुमाले?"

"हो," मी म्हणालो.